३५ किलोवॅटची पायरी

सोयाबीनचे पैसे हाती आले की मराठवाड्यातल्या घराघरांत हिशेब मांडला जातो. बँकेचा हप्ता, विहिरीचे राहिलेले काम, मुलीची फी, आणि या रांगेत हळूहळू पुढे सरकत आलेली मुलाची गाडी. उमरी, भोकर, धर्माबाद, नायगाव या पट्ट्यात ‘गाडी’ म्हणजे अनेक वर्षे शंभर सीसीची, पेट्रोल कमी पिणारी, मागे दुधाचे कॅन किंवा खताची गोणी बांधता येणारी मोटारसायकल होती. आजच्या विशीतल्या मुलाच्या मोबाइलमध्ये मात्र वेगळीच गाडी असते. पुढे झुकलेली, टोकदार तोंडाची, रंगीत पट्ट्यांची, शर्यतीच्या मैदानातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी.

अशा गाड्यांपैकी एक नावाने इटालियन असली तरी बनते महाराष्ट्रात. अप्रिलिया आरएस ४५७. ती पियाजिओ कंपनीच्या बारामतीच्या कारखान्यात तयार होते आणि तिथूनच परदेशातही जाते. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात ती भारतीय बाजारात उतरली तेव्हा शोरूमची किंमत ४ लाख १० हजार रुपये होती. उमरीच्या रस्त्यावर ती सहज दिसणार नाही. पण तिच्या रचनेत एक आकडा दडलेला आहे, आणि तो आकडा समजून घेतला तर आपल्या सगळ्याच दुचाक्यांविषयी, त्या चालवणाऱ्या मुलांविषयी आणि अपघात विभागात येणाऱ्या रुग्णांविषयी बरेच काही कळते.

इटलीची जुनी ओळख

मराठी घराला इटलीची दुचाकी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये पियाजिओने व्हेस्पा स्कूटर बाजारात आणली. ती आखणारा कोराडिनो दास्कानिओ हा विमाने आणि हेलिकॉप्टर यांचा अभियंता होता. मोटारसायकल त्याला फारशी आवडत नसे. म्हणून त्याने इंजिन झाकले, चेन काढून टाकली, पाय ठेवायला सपाट जागा दिली, कपडे खराब होऊ नयेत म्हणून पुढे पत्रा लावला. पुढे बजाजने परवाना घेऊन हीच स्कूटर भारतात बनवली आणि तिच्याच वळणावर १९७२ मध्ये चेतक आली. मास्तर पुढे, बाई मागे एका अंगाला, मूल मध्ये उभे, हे चित्र त्या रचनेतून आले. ती रचना बेताच्या वेगासाठी होती आणि तिला ते माहीत होते.

अप्रिलिया ही इटलीतल्या व्हेनिसजवळच्या नोआले गावची कंपनी. ती शर्यतींत नाव कमावलेली. २००४ पासून पियाजिओच्या मालकीची. व्हेस्पा घरासाठी आखली गेली, तर आरएस ४५७ वळणासाठी आणि वेगासाठी. दोन्हींचा मालक एकच असला तरी शरीराशी त्यांचा व्यवहार अगदी वेगळा आहे.

यंत्र चांगले आहे

सुरुवातीलाच सांगायला हवे की हे यंत्र उत्तम आहे. इंजिन ४५७ सीसीचे, शेजारी शेजारी दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे. ९,४०० फेऱ्यांना ते ४७.६ अश्वशक्ती देते. क्रँक २७० अंशांचा आहे. म्हणजे दोन्ही सिलिंडरचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक लवकर, दुसरा उशिरा. त्यामुळे आवाजाला एक विशिष्ट ठेका येतो. सांगाडा अॅल्युमिनियमचा आहे आणि इंजिन हाच त्या सांगाड्याचा एक भाग आहे. पेट्रोलसह वजन १७५ किलो. पुढे ३२० मिलिमीटरची, मागे २२० मिलिमीटरची डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस, चाक जागच्या जागी घसरू लागले तर ताकद कमी करणारी ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा, आणि रेन (पाऊस), इको, स्पोर्ट असे वेगवेगळे मोड.

एबीएसचे काम साधे आहे. घाबरून ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते आणि गाडी घसरते. एबीएसमधला संवेदक चाकाचा वेग सतत मोजतो आणि चाक अडकते आहे असे दिसताच ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडतो, पुन्हा देतो. गाडी उभी राहते, वळवता येते. इटली, स्पेन आणि स्वीडन या देशांतल्या अपघातांच्या अभ्यासात एबीएस असलेल्या मोटारसायकलींचे इजा होणारे अपघात अनुक्रमे २४, २९ आणि ३४ टक्क्यांनी कमी आढळले. एखाद्या औषधाने इतका फरक पडला असता तर ते प्रत्येक दवाखान्यात ठेवले गेले असते.

तक्रार या यंत्राबद्दल नाही. अडचण आहे ती त्यावर बसणाऱ्या शरीराची आणि त्या शरीराला परवाना देणाऱ्या पद्धतीची.

वेग कळतो कशाने?

माणसाच्या आतल्या कानात तोल सांभाळणारी एक नाजूक यंत्रणा असते. द्रव भरलेल्या तीन अर्धगोल नलिका आणि बारीक खडे असलेल्या दोन पिशव्या. डोके वळले, शरीर पुढे ढकलले गेले, खाली आले की तिला कळते. मात्र तिला फक्त बदल कळतो. वेग वाढताना किंवा कमी होताना ती जागी असते. वेग एकसारखा झाला की ती गप्प बसते. रेल्वेत डोळे मिटून बसलेल्याला गाडी ४० ने चालली आहे की १०० ने, हे आतल्या कानावरून सांगता येत नाही. उमरी स्टेशनवरून नांदेडकडे जाणाऱ्या कुणीही हा प्रयोग करून पाहावा.

म्हणजे वेगाचा अंदाज मेंदू उधार-उसनवारीवर बांधतो. बाजूने मागे पळणारी झाडे, कानातला वारा, छातीवर बसणारा दाब, हँडलची थरथर, इंजिनाची ओरड. शंभर सीसीच्या गाडीवर ८० गाठले की हे सारे साक्षीदार एकदम बोलू लागतात. हँडल थरथरते, शर्ट फुगतो, डोळ्यांत पाणी येते, इंजिन जीव तोडून ओरडते. चालवणाऱ्याचा हात आपोआप सैल होतो. ती गाडी गरीब आहे, पण इशारा देते.

चांगल्या स्पोर्ट्स बाइकची सारी हुशारी हे इशारे पुसून टाकण्यात असते. पुढचे आवरण वारा छातीवरून वळवते. रुंद टायर आणि पक्का सांगाडा थरथर शोषून घेतात. शंभरच्या वेगाला इंजिन अजून निवांत असते. पुढे झुकलेली बैठक वाऱ्याचा विरोध आणखी कमी करते. परिणाम असा की ११० चा वेग अंगाला ६० सारखा वाटतो. खरा वेग सांगणारा एकच साक्षीदार उरतो, समोरच्या पडद्यावरचा आकडा, आणि वळणावर त्याच्याकडे बघायला वेळ नसतो.

त्यात वयाची भर पडते. धोक्याचा हिशेब करणारा, हाताला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. आनंद आणि थरार शोधणारा भाग मात्र त्याच्या आधीच जोरात असतो. वीस वर्षांचा मुलगा बेजबाबदार असतो म्हणून भरधाव जातो असे नाही. त्याच्या मेंदूतला ब्रेक अजून बसवला जात असतो.

साधे गणित

वेगाचा हिशेब शाळेतल्या गणितापेक्षा अवघड नाही. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, आणि रस्ता कोरडा, डांबर चांगले, टायर चांगले असे मानले, तर ६० च्या वेगाला गाडी थांबायला साधारण ३७ मीटर लागतात. ८० ला ५८ मीटर. १०० ला ८४ मीटर. १२० ला ११४ मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, कारण गाडीतली ऊर्जा चौपट होते.

आता रात्र घ्या. खालच्या झोतात दिव्याचा उपयोगी उजेड सुमारे पन्नास मीटरपर्यंत पडतो. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या चाललेल्या असतात. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, आणि बिघाड झाला की त्या रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या. ६० ने जाणारा थांबू शकतो. ८० ने जाणाऱ्याला ट्रॉली दिसते, पण थांबता येत नाही. १०० ने जाणाऱ्याला ब्रेक दाबल्यानंतरही तीस मीटरहून अधिक अंतर कमी पडते. इथे गाडी इटालियन असो की आणखी कुठली, भौतिकशास्त्र कुणाला सवलत देत नाही. वर रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल, शेतातून आलेली खडी किंवा वाळायला घातलेले सोयाबीन असेल तर थांबण्याचे अंतर आणखी वाढते. एबीएस घसरणे टाळतो. रस्ता लांब करून देत नाही. शिवाय गाडी वळणावर वाकलेली असतानाही सांभाळणारा महागडा कॉर्नरिंग एबीएस या गाडीत नाही.

त्या वेगाचा शरीराला अर्थ काय? ६० किलोमीटरच्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे १४ मीटरवरून, साडेचार मजल्यांवरून पडणे. १२० च्या वेगाने आदळणे म्हणजे ५७ मीटरवरून, जवळजवळ १९ मजल्यांवरून पडणे. साडेचार मजल्यांच्या कठड्यावर मुलगा नुसता बसला तरी आई ओरडते. गाडीवर तोच मुलगा रोज त्या उंचीवर बसतो, फक्त ती उंची दिसत नाही.

आकड्यामागचा कायदा

आता त्या दडलेल्या आकड्याकडे. आरएस ४५७ ची ताकद किलोवॅटमध्ये मोजली तर बरोबर ३५ भरते. वजन १७५ किलो. भागाकार केला की प्रत्येक किलोमागे ०.२ किलोवॅट. हे दोन्ही आकडे योगायोगाने आलेले नाहीत.

युरोपीय संघात जानेवारी २०१३ पासून मोटारसायकलच्या परवान्याला पायऱ्या आहेत. पहिली पायरी १६ व्या वर्षी: १२५ सीसीपर्यंतची, ११ किलोवॅटची गाडी. दुसरी पायरी १८ व्या वर्षी: जास्तीत जास्त ३५ किलोवॅट आणि किलोमागे ०.२ किलोवॅटपर्यंत. तिसरी, कुठलीही गाडी चालवण्याची पायरी, दुसऱ्या पायरीवर दोन वर्षे काढल्यावर, म्हणजे लवकरात लवकर २० व्या वर्षी. पायऱ्या न चढता थेट मोठा परवाना हवा असेल तर सर्वसाधारणपणे वयाची २४ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. काही देशांनी वयाच्या मर्यादा थोड्या पुढेमागे केल्या आहेत, पण जिन्याची कल्पना तीच.

आरएस ४५७ ही या दुसऱ्या पायरीच्या काठोकाठ आखलेली गाडी आहे. एक किलोवॅटही जास्त नाही, वजन एक किलोनेही कमी नाही. इटलीतला किंवा फ्रान्समधला मुलगा जेव्हा तिच्यावर बसतो तेव्हा तो शिकाऊ मानला जातो. तिथल्या कायद्याच्या नजरेत ही मधल्या इयत्तेची गाडी आहे.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची गाडी, आणि १८ पूर्ण झाले की ‘गिअरची मोटारसायकल’ हा एकच वर्ग. त्या एका शिक्क्यावर शंभर सीसीही चालते आणि हजार सीसीही. चाचणी म्हणजे बहुतेक ठिकाणी मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवणे, तीही बहुधा घरच्या छोट्या गाडीवर. शंभर सीसीच्या गाडीत सुमारे आठ अश्वशक्ती असते. ती चालवून परवाना काढलेला मुलगा दुसऱ्या दिवशी जवळजवळ सहापट ताकदीच्या गाडीवर बसू शकतो. कायदा त्याला अडवत नाही, आणि गाडी तर त्याला इशाराही देत नाही.

म्हणजे बारामतीत बनणाऱ्या गाडीच्या पोटात युरोपचा नियम आहे, पण तो नियम ज्या विचारातून आला तो विचार इथल्या कायद्यात नाही. गाडी आली, तिच्यासोबतचा जिना आला नाही.

मग छोट्या गाड्यांचे काय?

इथे कुणी रास्त प्रश्न विचारेल. उमरी तालुक्यात चार लाखांच्या गाड्या किती? अपघात विभागात येतात ते शंभर-सव्वाशे सीसीवाले. तिघे बसलेले, बिनहेल्मेटचे, बाजारातून गावाकडे निघालेले. मग इटालियन गाडीची चर्चा कशाला?

हा आक्षेप खरा आहे, आणि त्यातच मुद्दा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यातली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती आणि त्यात १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे. हे सारे स्पोर्ट्स बाइकवाले नव्हते.

सावधपणे, सराव करून, हेल्मेट घालून चालवलेली आरएस ४५७ ही घासलेल्या टायरच्या, सैल ड्रम ब्रेकच्या, तिघांना घेऊन निघालेल्या छोट्या गाडीपेक्षा सुरक्षितच आहे. चांगले ब्रेक चार लाखांच्या गाडीला आणि साधे ब्रेक बहुसंख्यांच्या गाडीला, अशी वाटणी झाली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला; त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी यंत्रणाही पुरेशी मानली गेली. पण गावाकडे सर्वांत जास्त चालणाऱ्या गाड्या याच. औषध ज्याला हवे त्याला न देता ज्याला परवडते त्याला द्यावे, तसा हा प्रकार.

म्हणून जिना वरून आणि खालून, दोन्हीकडून बांधावा लागेल. वरच्या बाजूने, ताकदीप्रमाणे परवान्याच्या पायऱ्या: छोट्या गाडीवर दोन वर्षे, मग मधल्या गाडीची वेगळी चाचणी, त्यात अचानक ब्रेक लावण्याची आणि अडथळा चुकवण्याची परीक्षा, आणि मगच मोठी गाडी. खालच्या बाजूने, प्रत्येक नव्या दुचाकीला निदान पुढच्या चाकाचा एबीएस. पहिल्या गोष्टीसाठी नवा पूल बांधायचा नाही, रस्ता रुंद करायचा नाही. नियम बदलायचा आणि चाचणी खरी घ्यायची. जी कंपनी युरोपच्या पायरीसाठी किलो-किलो मोजून गाडी बनवू शकते, ती भारताच्या पायरीसाठीही बनवू शकेल.

कुणी म्हणेल, पायऱ्या केल्या तरी पाळणार कोण? परवानाच नसलेली मुलेही गाड्या चालवतात. खरे आहे. पण कायदा मोडला जातो म्हणून तो असूच नये, असे कुणी चोरीबद्दल म्हणत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. हे गावात किती बापांना ठाऊक आहे?

शरीराचा हिशेब

मोटारसायकलच्या अपघातात शरीर तीनदा आदळते. गाडी कशावर तरी आदळते, शरीर रस्त्यावर आदळते, आणि कवटीच्या आतला मेंदू कवटीवर आदळतो. तिसरी धडक दिसत नाही. बाहेर खरचटलेलेही नसते, माणूस उठून बसतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो, आणि दोन तासांनी बेशुद्ध होतो. आत साचलेले रक्त मेंदू दाबत गेलेले असते.

हेल्मेट ही तिसरी धडक मऊ करते. तिच्या बाहेरच्या कवचापेक्षा आतला फोमचा थर महत्त्वाचा. आदळताना तो स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडे अंतर आणि काही हजारांश सेकंद जास्त देतो. तेवढ्याने जोर कितीतरी कमी होतो. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा न लावलेली हेल्मेट मात्र पहिल्या धडकेलाच उडून जाते, ती टोपीच. एकदा आदळलेली हेल्मेट दिसायला चांगली असली तरी आतला फोम चेपलेला असतो. ती पुन्हा वापरू नये. आणि रस्त्याच्या कडेला मिळणारी, आयएसआयचा खरा शिक्का नसलेली हेल्मेट पोलिसांपासून वाचवते, रस्त्यापासून नाही.

डोक्याखालोखाल खांद्याची एक इजा तरुणांचे आयुष्य बदलून टाकते. पडताना डोके एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला गेला की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे ताणले जाते किंवा तुटते. हाड जुळते, जखम भरते, पण हात लोंबकळतच राहतो. विशीतला, शेतात राबणारा मुलगा एका हाताचा होतो. ही इजा हेल्मेटने टळत नाही. ती कमी वेगानेच टळते.

मागे बसणाऱ्याचा हिशेब वेगळाच. स्पोर्ट्स बाइकची मागची सीट अरुंद, उंच आणि पुढे उतरती असते. धरायला नीट जागा नसते. ब्रेक लागला की मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येतो, गाडी जोरात सुटली की मागे जातो. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाण्याचा धोका कुठल्याही दुचाकीवर असतो, आणि पिलियनवर बसणाऱ्या आई-बहिणीला ही गाडी सोयीची नाही. ती एकट्याने चालवायची गाडी आहे; घराची गाडी म्हणून ती घेऊ नये. पुढे झुकलेल्या बैठकीत मनगटावर भार येतो, मान मागे ताणलेली राहते. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर ते नस दबल्याचे लक्षण आहे. थांबून हात मोकळे करावेत. आणि मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या उन्हात लांबच्या प्रवासाला निघण्याआधी पाणी प्यावे, कारण शरीरातले पाणी कमी झालेल्या माणसाचे लक्ष विचलित होते आणि प्रतिक्रिया मंदावते.

पहिला तास

अपघात झालाच तर उमरीसारख्या ठिकाणी वेळ हाच सर्वांत मोठा शत्रू. गावच्या रुग्णालयात श्वास, रक्तस्राव आणि सलाईन सांभाळता येते. पण मेंदूचे स्कॅन, रक्तपेढी आणि मोठी शस्त्रक्रिया एका छताखाली हवी तर नांदेड गाठावे लागते. म्हणून रस्त्यावर जो पहिला माणूस पोचतो, त्याचे हात महत्त्वाचे.

प्रथम १०८ ला फोन. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाते. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हळद-माती लावू नये. हेल्मेट ओढून काढू नये. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, एकाने मान स्थिर धरून, काढावी. दोघा-तिघांनी हातपाय धरून दुसऱ्या मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याची आपल्याकडची पद्धत मोडलेल्या मणक्याला घातक ठरू शकते. आणि मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीची भीती बाळगण्याचे कारण नाही. कायद्यातल्या १३४ अ कलमाने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

घरातली बैठक

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पायऱ्या घरातच बांधता येतात. मुलाला मोठी गाडी हवी असेल तर त्याला सरळ ‘नाही’ म्हणून भांडण ओढवून घेण्यापेक्षा अटी मांडाव्यात. आधी दोन वर्षे छोटी गाडी, एकही अपघात नाही. मग मोठी गाडी. पण गाडीच्या बजेटमधले पंधरा-वीस हजार बाजूला काढून पूर्ण तोंड झाकणारी हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि जाड जॅकेट आधी घ्यायचे. पहिले काही महिने गाडी पावसाच्या सौम्य मोडमध्ये. मागच्या चाकाचा एबीएस बंद करण्याची सोय दिली असली तरी रस्त्यावर ती वापरायची नाही. सूर्य मावळल्यावर साठच्या पुढे काटा न्यायचा नाही. आणि मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जोरात ब्रेक लावण्याचा सराव, निदान पन्नास वेळा. एबीएस पहिल्यांदा हाताखाली थरथरला की नवखा माणूस घाबरून ब्रेक सोडतो. ती थरथर ओळखीची झालेली असावी.

मुलाला वेग आवडतो यात वाईट काही नाही. चांगल्या यंत्राचे प्रेम हेही एक प्रकारचे शिक्षणच आहे; बारामतीत बनलेली गाडी जगातल्या रस्त्यांवर धावते याचा अभिमान वाटायलाच हवा. पण ज्या इटलीने ती गाडी आखली, ती स्वतःच्या मुलाला आधी धाकट्या गाडीवर बसवते, परीक्षा घेते, दोन वर्षे वाट पाहायला लावते. उमरीतल्या मुलाचा जीव त्याहून स्वस्त नाही. पुढच्या हंगामात सोयाबीनचे पैसे आले आणि घरात गाडीचा विषय निघाला, तर किमतीच्या आधी एवढाच प्रश्न विचारावा: याआधीची पायरी हा चढला आहे का?